एंटर दाबण्याआधी

"पेनड्राइव्ह बाहेर ठेवा."

"अहो, नमस्कार तरी म्हणा आधी!"

"नमस्कार. पेनड्राइव्ह बाहेर."

स्टुडिओ समजून तो चुकून तिच्या खोलीत शिरला, तेव्हाचं हे बोलणं. दृष्टिहीन मुलांसाठी बोलकी पुस्तकं करणाऱ्या त्या ग्रंथालयात सगळे कॉम्प्युटर ती सांभाळायची आणि सगळा स्टाफ तिला पाठीमागे कुलूपबाई म्हणायचा. तो नवा रेकॉर्डिस्ट. भिंतीपलीकडे नळ गळत असला तरी त्याला कळायचं, म्हणून चारच दिवसांत त्याचा कानसेन झाला.

तिथली सगळी मशीनं लिनक्स या मोफत प्रणालीवर चालायची. तिचा नियम एकच. सॉफ्टवेअर घ्यायचं ते लिनक्सच्या अधिकृत, तपासलेल्या भांडारातून. बाहेरच्या कुणाचा इन्स्टॉलर? नाही म्हणजे नाही. चहाच्या वेळी तो मुद्दाम हाच विषय काढायचा.

"हजारो लोक बाहेरून घेतात. काही वाकडं झालं त्यांचं?"

"ज्यांचं झालं ते सांगत फिरत नाहीत."

"माणसांशीही इतक्याच संशयाने वागता?"

"माणसं आल्या आल्या सगळ्या मशीनचा ताबा मागत नाहीत."

"बरं. मी काहीच मागत नाही," तो म्हणायचा आणि नको तितका वेळ तिच्याकडे बघत राहायचा. ती हसू कपाआड लपवायची. पाच मिनिटांचा चहा तीन आठवड्यांत वीस मिनिटांवर गेला होता, आणि घड्याळाकडे बघायचं दोघांच्याही मनात येत नव्हतं.

आज शुक्रवारी मात्र तो हसत नव्हता.

"नऊ तासांचं रेकॉर्डिंग आहे आणि मागे सतत पंख्याची घरघर. आधीच्या माणसाने पंखा चालू ठेवूनच रेकॉर्ड केलंय. सोमवारी मुलांची परीक्षा. संध्याकाळी पाचला फाइल शाळेत गेली नाही, तर मुलं अभ्यास कशावर करणार?"

"दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्या."

"नऊ तास? आज? घरघर काढणारं सॉफ्टवेअर आहे. जुन्या ऑफिसात मीच टाकलं होतं, मस्त चाललं. एका ओळीची कमांड आहे, बस."

"भांडारात आहे?"

"नाही... त्यांच्या वेबसाइटवर."

ती ओळ कशी असणार, तिला ठाऊक होतं. इंटरनेटवरून कुणाची तरी स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांची यादी, ओढायची आणि न वाचता तिच्या हाती सगळं मशीन द्यायचं. आणि त्या मशीनवरच्या रेकॉर्डिंगमधला आवाज तिच्या आईचा होता.

आधीचा रेकॉर्डिस्ट गेल्यापासून हे ऑफिसात कुणाला माहीत नव्हतं. आईने ते पुस्तक वाचलं आणि दोनच महिन्यांत तिच्या घशाचं ऑपरेशन झालं. आता आई वहीत लिहून बोलायची. ते नऊ तास गेले, तर आईचा आवाज कायमचा गेला.

"बॅकअप असेल ना?" त्याने विचारलं.

"आहे," ती म्हणाली. सकाळी फाइली ताडून बघायला बॅकअपची डिस्क तिने त्याच मशीनला जोडली होती. ती अजून तशीच होती, पण तिच्या लक्षात आलं नाही. डोळ्यांसमोर फक्त मुलांची परीक्षा होती. तिने पासवर्ड टाकला, ती ओळ लिहिली आणि बोट एंटरवर नेलं.

तेवढ्यात व्यवस्थापकांनी हाक मारली. शाळेचा फोन होता. ती धावत गेली. "हो सर, पाचपर्यंत नक्की," असं बोलता बोलता तिला आठवलं... मशीन उघडंच आहे. पूर्ण ताब्यासकट. बॅकअपही त्यालाच. आणि घाईला आलेला तो माणूस समोर बसलाय!

परत येताना तिला धाप लागली होती.

तो खुर्चीत बसून होता, दोन्ही हात मांडीवर. पडद्यावर ती ओळ तशीच लुकलुकत होती.

"दाबलं नाहीत?"

"तुम्ही नव्हता ना."

"कुणाला कळलंही नसतं."

"मला कळलं असतं," तो म्हणाला. "आणि उद्या चहाला कुठल्या तोंडाने आलो असतो?"

मग तिने बॅकअपची डिस्क काढून ड्रॉवरमध्ये टाकली आणि त्याच्या शेजारी खुर्ची ओढली.

"वाचू या. पहिल्या ओळीपासून."

स्क्रिप्ट चारशे ओळींची निघाली. तो मोठ्याने वाचायचा, ती अर्थ सांगायची. त्याचा खांदा तिच्या खांद्याला लागत होता आणि दोघांपैकी कुणीही खुर्ची सरकवत नव्हतं. तीनशेव्या ओळीच्या आसपास तिने त्याचं मनगट घट्ट धरलं.

"थांबा. हे बघा. सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती ज्या फोल्डरात असेल, ते फोल्डर आधी पुसून टाक, असं लिहिलंय."

"मग? बरोबरच आहे."

"आणि जुनी आवृत्ती नसेलच तर? फोल्डरचं नाव रिकामं राहतं. मग ती आज्ञा सगळ्या मशीनलाच लागू होईल आणि आहे-नाही ते सगळंच पुसलं जाईल."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "जुन्या ऑफिसात... जुनी आवृत्ती होती. म्हणून चाललं."

"इथे नाहीये."

"म्हणजे मी एंटर दाबलं असतं, तर..."

"मीही दाबणारच होते," ती म्हणाली. "ती माझी आई आहे. त्या रेकॉर्डिंगमध्ये. आता ती बोलू शकत नाही."

तिने धरलेलं मनगट त्याने सोडवून घेतलं नाही. दुसरा हात त्याने तिच्या हातावर ठेवला.

"कपाटात जुनं मशीन पडलंय," तो म्हणाला. "ती ओळ काढून टाकू. त्या मशीनवर रेकॉर्डिंगची फक्त एक प्रत घेऊ. बिघडलं तर ते खटारं बिघडेल."

उरलेली स्क्रिप्ट त्यांनी शेवटपर्यंत वाचली, ती ओळ काढली आणि मगच एंटर दाबलं. खटारं रडतखडत चालत राहिलं. चार वाजले, साडेचार वाजले. ती नखं कुरतडत होती, तो येरझाऱ्या घालत होता. पाचला सात मिनिटं कमी असताना फाइल शाळेत पोचली.

मग त्याने हेडफोनचा एक कान तिला दिला, एक स्वतः घेतला. घरघर गेली होती. दोन धड्यांच्या मधे, इतके दिवस पंख्याखाली दबलेलं, आईचं बोलणं ऐकू आलं... पुस्तकातलं नाही, स्वतःचं.

"जरा पाणी देता? आणि माझी मुलगी इथेच काम करते, तिला सांगू नका हं मी दमले म्हणून. उगाच काळजी करत बसते."

तिला रडू आवरेना.

"धड्यांच्या मधलं मी कापून टाकत असतो," तो हळूच म्हणाला. "हे मात्र फेकलं नाही. शाळेला गेलंय त्यात नाहीये ते. हे फक्त तुझ्यासाठी ठेवलंय."

अहो-जाहो कधी गळून पडलं, कुणालाच कळलं नाही.

"आईला ऐकवायला घरी येशील?"

"येईन. पण कोण म्हणून येऊ?"

"ते आईच विचारेल. वहीत लिहून." तिने डोळे पुसले. "तू काय सांगशील?"

"सांगेन की... तुमची मुलगी मला आवडते. फार आवडते. आणि तुमचा आवाज गमावण्याच्या बेतात होतो आम्ही दोघं, हेही सांगेन."

"दुसरं आधी सांग," ती म्हणाली. "लपवलेलं तिला लगेच कळतं."

आणि तिने त्याचा हात धरूनच मशीन बंद केलं.