फ्लॉवरनं न पाहिलेली धाव

आमची भेट सुरू झाली तेव्हा तो उभा होता, आणि संपली तेव्हा आडवा. यात तिखटमीठ काही नाही. तिखटमीठ पुढे आहे, धीर धरा.

मुलींच्या अठरा वर्षांखालच्या रग्बी संघाची निवड चालली होती. समुद्रापलीकडे मोठी स्पर्धा भरणार होती, देशोदेशीचे संघ उतरणार होते, आणि आपला संघ निवडायला आम्ही चार जण. त्यात मी सगळ्यांत नवी. वय चोवीस. गुडघ्यानं दगा दिल्यामुळे खेळ सुटला होता, पण अंगातली खुमखुमी सुटली नव्हती.

पहिल्या सकाळी मी सगळ्यांच्या आधी मैदानावर पोचले. धुकं इतकं दाट, की स्वतःचा हात बघायचा तर आधी त्याला हाक मारावी लागे. वर पावसाची भुरभुर. कडेला टॅकलच्या सरावाच्या पिशव्या रांगेत उभ्या होत्या... माणसाएवढ्या उंच, निळ्या, आत फोम ठासलेल्या. आसपास चिटपाखरू नव्हतं. म्हटलं, एकदाच. धावत सुटले, खांदा खाली घातला, आणि शेवटच्या पिशवीच्या कमरेला मिठी मारून तिला चिखलात लोळवलं.

पिशवी म्हणाली, "आई गं!"

मी उठायचंच विसरले.

"खांदा छान लागला," पिशवी पुढे म्हणाली. "पण डोकं चुकीच्या बाजूला होतं. एक दिवस मान मोडून घ्याल."

"पिशव्यांच्या रांगेत उभं कशाला राहायचं माणसानं?"

"फाटल्यात का ते बघत होतो."

"निळा रेनकोट घालून?"

"उद्या लाल घालतो. आता... सोडता का?"

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, माझे हात अजून त्याच्या कमरेभोवतीच होते.

त्याला सगळे फ्लॉवर म्हणत. फुलासारखा नाजूक म्हणून नव्हे! स्क्रममध्ये दोन्ही संघांचे गडी वाकून, डोक्याला डोकं भिडवून एकमेकांना रेटतात ना, त्यात पहिल्या रांगेत दहा वर्षं काढून त्याचे दोन्ही कान भाजीतल्या फ्लॉवरसारखे चुरगळले होते. त्या कानांत सोमवारी बोललेलं मंगळवारी आत पोचतं, असं लोक म्हणायचे. मी खात्री करून घेतली. पोचायचं लगेच, उत्तर यायला मंगळवार उजाडायचा. आणि मी झेप घेऊन आदळले म्हणून मला त्यानं त्याच दिवशी 'खार' असं नाव ठेवलं. ते चिकटलं ते चिकटलंच.

समितीच्या प्रमुख मोठ्या बाई. त्यांनी शिट्टी फुंकली की तीन गल्ल्या पलीकडच्या शाळेत मधली सुट्टी संपायची. त्यांचे नियम दोन. पहिला, खेळ बघताना कागद-पेन्सिल हातात धरायची नाही. "जी पोरगी लिहून ठेवल्याशिवाय आठवत नाही, ती निवडायचीच नाही," बाई म्हणायच्या. दुसरा, अंतिम बैठकीपर्यंत खेळाडूंबद्दल आपापसांत अवाक्षर काढायचं नाही. एकाचं मत दुसऱ्याला चिकटतं म्हणून. त्यासाठी आम्हा चौघांना मैदानाच्या चार कोपऱ्यांत चार खुर्च्या.

चौथे सभासद दातांचे डॉक्टर. वयाची चोरी पकडणं हे त्यांचं काम. मुलगी हसली की ते अक्कलदाढ हेरून वय सांगायचे, त्यामुळे त्यांच्या कोपऱ्याजवळून जाताना सगळ्या पोरी ओठ मिटून, सासरी आल्यासारख्या चालत.

माझ्या कोपऱ्याच्या बरोब्बर समोर, तिरका, फ्लॉवरचा कोपरा. मध्ये सगळं मैदान.

आता खेळाडूंबद्दल बोलायची बंदी, आणि जेवायला एकच टेबल. करणार काय?

"आज ती जी..." तो सुरुवात करायचा.

"नियम!"

"ती खिडकी म्हणतोय मी. गळतेय."

"बरं. खिडकीबद्दल तुमचं काय मत?"

"चपळ आहे. पण बचाव कच्चा."

मला ठसका लागायचा. मोठ्या बाई मान वर करून बघायच्या आणि आम्ही दोघं मुकाट्यानं खाली बघून जेवायचो.

रग्बी सोडून उरलं ते सगळं बोलून झालं. त्याच्या आईला त्याचे कान बघवत नाहीत, म्हणून घरी तो टोपी घालूनच जेवतो. माझ्या धाकट्या भावाला मी अजून पाठीवर घेऊन जिना चढते. त्याला अंधारात भीती वाटते; मला खूप माणसांत. एकदा तो सहज बोलावं तसं बोलून गेला, "दहा वर्षं खेळलो, दरवेळी राखीव. संघ विमानात बसायचा, आणि मी निरोपाचा हात हलवायचो. या वेळी बाई म्हणाल्यात, निवड चांगली केलीस तर प्रशिक्षक म्हणून संघाबरोबर तूच." मग बराच वेळ त्यानं चमचा पुसला. आधीच स्वच्छ होता.

खरं सांगू? तो नियम नसता तर आम्ही जन्मभर रग्बीच बोलत बसलो असतो.

शेवटच्या दिवशी निवडीचा शेवटचा सामना. बाकी संघ जवळजवळ ठरल्यासारखा होता. उजव्या विंगची एक जागा उरली होती. विंग म्हणजे मैदानाच्या अगदी कडेनं सुसाट सुटायची जागा. त्या जागेवर चौदा नंबरची लांबसडक पोरगी होती. धावायला लागली की तिची सावली मागे राहायची, धापा टाकत यायची. पहिल्या अर्ध्यात तिनं सगळ्यांना वेड लावलं. मग मध्यंतराआधी तिचा घोटा मुरगळला, आणि ती शेडच्या मागे पाय बर्फात घालून बसली.

तिच्या जागी आली बेकरीवाल्याची मुलगी. बुटकी, भरलेली, गालांवर कायम भट्टीची लाली. पहाटे गाडीवर पाव लादून मगच मैदानावर यायची. थंडीत तिला अठरा पूर्ण होणार होती. म्हणजे हीच वेळ, नाहीतर कधीच नाही. हे सगळ्यांना माहीत होतं, आणि नियमामुळे कुणी बोलत नव्हतं.

दुसऱ्या अर्ध्यात चिखलानं सगळ्या पोरी एकसारख्या झाल्या. पाठीवरचे नंबर तर कधीच पुसून गेले होते. आणि अचानक चेंडू उजवीकडे आला... तिच्या हातात. ती निघाली. कडेकडेनं, घसरत, एकीला चुकवत, दुसरीला खांद्यानं बाजूला सारत, तिसरी पायाला लटकलेली असताना तिनं रेषेपलीकडे झेप घेतली आणि चेंडू जमिनीला टेकवला. ट्राय!

मी खुर्चीवरून उडी मारली. छत्री कुठे गेली कळलं नाही. आणि आनंदानं समोर, तिरक्या कोपऱ्याकडे बघितलं...

तो माझ्याकडेच बघत होता. थर्मासचं झाकण उंचावून.

मी हातानं विचारलं, बघितलंत?

त्यानं मान डोलावली.

बैठक सामान ठेवायच्या खोलीत. ओल्या जर्सींचा वास, कोपऱ्यात उकळणारी किटली, खिडकीच्या काचेवर वाफ. एकेक नाव मुखोद्गत सांगत आम्ही उजव्या विंगपाशी आलो. बाईंची पद्धत अशी, की त्या सगळ्यांत शेवटी बोलणार.

"चौदा," फ्लॉवर ठामपणे म्हणाला. "पहिला अर्धा तर बघितलाच सगळ्यांनी. पण दुसऱ्या अर्ध्यातला तो ट्राय! तिथं विषयच संपला."

मी हातातला कप खाली ठेवला.

"माझंही तेच," डॉक्टर चष्मा पुसत म्हणाले. "लांबून नीटसं दिसलं नाही, पण चौदाच असणार. ती हसली असती तर ओळखलंच असतं."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. "खारे, तू?"

दोन मतं पडली होती. मी नुसतं "हो" म्हटलं असतं तर झालं असतं. फ्लॉवर विमानात बसला असता. आणि एक पोरगी पहाटे पाव लादायला परत गेली असती, तिचा ट्राय दुसरीच्या नावावर ठेवून. मी फ्लॉवरकडे बघितलं. तो माझ्याकडे बघून हसत होता... इतक्या भरवशानं, की माझं काळीज तुटलं.

"दुसऱ्या अर्ध्यात चौदा मैदानावर नव्हती," मी म्हटलं. "घोटा बर्फात घालून शेडमागे होती. ट्राय बेकरीवाल्याच्या मुलीचा."

किटलीसुद्धा उकळायची थांबली. नाही, खरंच थांबली. कुणीतरी बटण बंद केलं असणार.

"बरोबर," मोठ्या बाई सावकाश म्हणाल्या. "तिच्या घोट्याला पट्टी मीच बांधली. बघत होते, तुमच्यात मैदान बघणारं कुणी आहे का." मग त्या फ्लॉवरकडे वळल्या. "आणि काय रे, तू तेव्हा काय बघत होतास?"

फ्लॉवरचे कान लाल झाले. ते कान लाल झाले की खोलीत दिवा लावायची गरज उरायची नाही.

"बाई, आरडाओरडा ऐकला म्हणून वळलो. एक चिखलाची पाठ रेषेपलीकडे पडताना दिसली. उजवी विंग, म्हणजे चौदा, असं धरून चाललो."

"त्याआधी?"

मी टेबलाच्या लाकडावरच्या रेषा मोजत होते.

"त्याआधी..." तो उभा राहिला. "बाई, मी समितीत नको. हिला मैदान दिसतं. मला मैदानावर फक्त ही दिसते."

डॉक्टरांचा चष्मा खाली पडला. मोठ्या बाईंनी नुसती मान हलवली आणि म्हणाल्या, "बेकरीवाल्याची पोरगी. आणि संघाबरोबर खार जाईल. फ्लॉवर, तू जा आता, दार लावून घे."

मी बाहेर आले तेव्हा तो पायरीवर बसला होता. पाऊस विरळ झाला होता. मैदानावर कुणी नव्हतं. चिखलात नुसत्या बुटांच्या खुणा, त्यांत पाणी साचत चाललेलं. मी दोन हात अंतर सोडून बसले.

"तुमची जागा मी घेतली," मी म्हटलं.

"मीच सोडली. राखीव राहायची सवय आहे मला."

"रागावला नाहीत?"

"रागावलोय ना. पण तुम्ही गप्प बसला असतात, तर जास्त रागावलो असतो. ती पोरगी जन्मभर डोळ्यांसमोरून हलली नसती."

"आणि मी?"

"तुम्ही तरी कुठे हलताय?"

मी दोन हातांतला एक हात कमी केला. तो चिखलाकडे बघत राहिला, आणि मग अगदी हळू, लहान मुलानं चोरून खाऊ मागावा तसा म्हणाला, "मी आता समितीत नाही. म्हणजे खेळाडूंबद्दल बोलता येईल आपल्याला... तो ट्राय कसा होता गं? सांग ना."

पहिल्यांदाच 'गं' म्हणाला तो. मीही मग 'तुम्ही' सोडलं.

"ऐक तर," म्हटलं. "आणि मध्ये बोलू नकोस."

मी सांगितलं. एकीला चुकवलं, दुसरीला खांदा मारला, तिसरी पायाला लटकलेली. तो डोळे मिटून ऐकत होता. संपलं तेव्हा माझा हात त्याच्या हातात होता, आणि तो म्हणाला, "परत."

त्या वर्षी विमानतळावर निरोपाचा हात हलवायला तोच आला. बेकरीवाल्याच्या मुलीनं तिकडे काय पराक्रम केले ते मी त्याला लांबलचक लिहून कळवायचे. आणि प्रत्येक उत्तरात शेवटी असायचंच, ते सगळं ठीक, पण मी बघितला नाही तो ट्राय पुन्हा एकदा सांग.

मी परत आले. लग्न केलं. मुलं झाली, नातवंडं झाली, गुडघे गेले, त्याचे कान तर आता आतूनही गेले. पण दिवे मालवायच्या आधी तो अजून माझ्याकडे तोंड करून वळतो, आणि मी त्याच्या त्या चुरगळलेल्या कानाशी तोंड नेऊन ती धाव सांगते. एवढ्या वर्षांत ती जरा लांबलीय. पाऊस वाढलाय. चिखल मांडीपर्यंत आलाय. बेकरीवाल्याची मुलगी काल रात्री सतरा जणींना चुकवून गेली, आणि अठरावी तिच्या पायाला लटकली होती.

रग्बीत समोर पंधराच असतात, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. तो काही बोलत नाही. डोळे मिटून ऐकतो, आणि मी श्वास घ्यायला थांबले की विचारतो, "मग?"