तीस फेब्रुवारी

लोक तारीख कशी लिहितील याचा नेम नाही, आणि धाकटीचं पोट त्यावरच चालत होतं. कुणी आडव्या रेघा मारतं, कुणी टिंबं देतं, कुणी आधी महिना लिहून मोकळं होतं. हे सगळं ओळखून एका साच्यात बसवणारा कोड तिने लिहिला होता, चाळिशी उलटल्यावर, आपलं आपण शिकून. वेबसाइट एका डायलिसिस केंद्राची होती. रक्त शुद्ध करून घ्यायला धाकटीची ताईही तिथेच जायची. त्यामुळे ऑफिसात कुणी "चालतंय की" म्हणालं, तर धाकटी नुसती चष्म्यावरून बघायची.

कोडला एक जुनी खोड होती. नसलेली तारीख दिली तर तो तक्रार न करता पुढे सरकायचा. कुणी ३० फेब्रुवारी लिहिलं, की गुपचूप २ मार्च धरायचा. शेजारचा टेस्टर, ज्याला सगळे शंकासुर म्हणत, तिला यावरून येताजाता टोचायचा.

त्यानेच जानेवारीत एक वेगळी चूक आणली. पेशंट येऊन गेला की 'शेवटची भेट' हा रकाना आपोआप भरायचा. म्हणजे तारीख मागचीच हवी. एका निवृत्त मास्तरांच्या नावापुढे मात्र पुढच्या मंगळवारची होती. दोघांनी सगळा कोड पिंजून काढला, हाती काही लागलं नाही. मंगळवारी मास्तर आले, नर्सबाईंची थट्टा करून गेले. नंतर आले नाहीत. मग एका शिंपिणीचं तसंच झालं. मग एका बस ड्रायव्हरचं. शंकासुराने टोचणं सोडून दिलं.

फेब्रुवारीच्या मध्यावर ताईच्या नावापुढे २७ तारीख उमटली.

धाकटीने ती पुसली. चहा घेऊन येईस्तोवर परत हजर. तिने नियम घातला, पुढची तारीख घ्यायचीच नाही. तेव्हा ती अक्षरांत आली. अक्षरं अडवली, तर आकड्यांची लांबलचक माळ होऊन आली. तीही अडवली. दुसऱ्या दिवशी सकाळी रकान्यात होतं, 'सत्तावीस, दुपारची जेवणं झाल्यावर.'

वेळ अशी सांगणारं माणूस धाकटीच्या ओळखीत एकच होतं. तिने फोन लावला. वेबसाइटवर काही लिहिलंस का, असं विचारलं.

"मला मेलीला तो पासवर्ड तरी आठवतो का?" ताई म्हणाली. "आणि येताना पपई आण. कच्ची नको, मागच्या वेळसारखी."

फोन ठेवून धाकटीने रकाना पुन्हा पुसला. तो लगेच भरला.

"रिकामा राहू देत नाही तो रकाना," शंकासुर हळूच म्हणाला. "काहीतरी हवंच आहे त्याला."

"मग देते की. पण माझ्या हाताने."

तिने लिहिलं, ३० फेब्रुवारी. मग कोडची खोड मोडली. पुढे सरकायचं नाही, दिलंय तिथेच थांबायचं. यंदाचा फेब्रुवारी अठ्ठावीसचा होता.

"ये म्हणावं आता," ती पडद्याला म्हणाली.

समोरची डिझायनर मुलगी हसली. तिला नववा लागला होता, डॉक्टरांनी मार्चचा पहिला आठवडा सांगितला होता. "मावशी, कुणाशी भांडताय?"

"आहे एक आगाऊ," धाकटी म्हणाली.

रकाना पुन्हा बदलला नाही. सत्तावीसला धाकटी रजा टाकून ताईजवळ बसून राहिली. जेवणं झाली. ताईने सुई टोचणाऱ्याचा उद्धार केला आणि घोरू लागली. संध्याकाळी दोघी घरी आल्या. अठ्ठावीसही गेली. धाकटी कितीतरी दिवसांनी गाढ झोपली.

सकाळी तिच्या फोनवर २९ फेब्रुवारी होती.

ऑफिसच्या कॅलेंडरवर अठ्ठावीसच्या पुढचा चौकोन आदल्या दिवशी कोरा होता. आता त्यात आकडा होता, बाकीच्यांसारखाच छापलेला.

"आज काय तारीख?" तिने विचारलं.

"एकोणतीस," शंकासुराने मान वर न करता सांगितलं. त्याला कसलीच शंका आली नव्हती.

म्हणजे उद्या तीस.

धाकटीला राग आला, भाजीवाला काट्यात मारतो तेव्हा येतो तसला, स्वच्छ. तिने खुर्ची पुढे ओढली.

"तुला महिना लांबवता येतो?" ती म्हणाली. "मग मलाही येतो."

तिने तीस खोडून एकतीस केलं.

आज फेब्रुवारीची सत्तेचाळीस आहे. ताई ठणठणीत नाही, पण आहे, आणि पपईवरून रोज बोलते. धाकटी ऑफिसात आली की पर्सही खाली न ठेवता आधी आकडा वाढवते. उद्याही वाढवणार आहे.

"मार्च लागला की सुटले बाई," डिझायनर मुलगी रोज म्हणते, पोटावर दोन्ही हात ठेवून. काल तिची खुर्ची टेबलापासून आणखी वीतभर मागे सरकवावी लागली.