म्हाताऱ्याचा डावा हात

"एक म्हातारा सापडला का हो तुम्हाला?"

दारातल्या माणसाने हे इतक्या काकुळतीने विचारलं, की तिच्या हातातली दाढ टेबलावर पडली. घाबरायचं कारण नाही, दाढ कोणाच्या तोंडातली नव्हती. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत नकली दात तयार व्हायचे आणि ही दाढ ती सकाळपासून घडवत बसली होती. दातांच्या कामात तिच्यासारखा हात कोणाचा नाही, असं तिथले सर सगळ्यांना सांगत. फक्त तिला सोडून.

"केवढ्या वयाचे आहेत?" तिने विचारलं. "अंगावर काय होतं?"

"असेल चाळीसेक वर्षांचा… निळा झगा, पांढरी दाढी. डावा हात नाही." तो अडखळला. मग ओशाळून त्याने आपला अंगठा वर केला. "आणि उंची— एवढी."

आता तिच्या डोक्यात प्रकाश पडला. काल संध्याकाळी लिफ्टच्या कोपऱ्यात तिला तो सापडला होता. अंगठ्याएवढा, शिशाचा, जड. हातात काठी, डोक्यावर टोकदार टोपी, आणि चेहरा असा की जगाचं सगळं कळतं पण सांगणार नाही. इतक्या बारीक चेहऱ्यावर भुवया कोणी कोरल्या असतील, या एका प्रश्नापायी तिने तो भिंगाखाली धरला होता, आणि डाव्या मनगटापुढे काहीच नाही हे तिला दिसलं होतं.

तुटलेलं काही दिसलं की तिला चैन पडत नसे. धंद्याचीच सवय ती. मेणात तिने तांदळाच्या कणीएवढा हात कोरला, त्याचा साचा केला, दातांचा धातू ओतला, घासला, जोडला. सांधा शोधून दिसणार नाही असा रंगही चढवला.

"बसा," ती रुबाबात म्हणाली आणि खणातून म्हातारा काढून तिने त्याच्या तळहातावर ठेवला.

समोरच्या माणसाच्या अंगात लिफ्टच्या कंपनीचा करडा शर्ट होता आणि कोपरापर्यंत वंगण. सातव्या मजल्यापासून तो दारोदार विचारत उतरला होता. पाचव्यावरच्या वकिलांनी त्याला पाणी पाजून पोलिसांत जायचा सल्लाही दिला होता. बाहुला पाहताच त्याचा जीव भांड्यात पडला. मग त्याने तो खिडकीच्या उजेडात वळवला, आणि त्याचा चेहराच उतरला.

"हा हात…"

"मी केला. नखंसुद्धा आहेत. भिंगातून बघा ना."

त्याने भिंगातून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग स्टुलावर बसून त्याने जे सांगितलं, ते ऐकून तिच्या तोंडचं पाणी पळालं.

बाहुला त्याच्या आत्याचा होता. आत्या भूगोल शिकवून निवृत्त झाली होती. पण कॉलेजात असताना ती आणि तिचे मित्र दर रविवारी एक विलक्षण खेळ खेळत. त्याला पट नव्हता. एकाने गोष्ट सांगायची, तो सूत्रधार. बाकीच्यांनी गोष्टीतलं एकेक पात्र व्हायचं. समोर अंधारी गुहा आहे, काय करता? ज्याने त्याने आपापलं सांगायचं, आणि ते जमलं की फसलं हे फाशाने ठरवायचं. नियमांच्या पुस्तकाच्या पुसट झेरॉक्स, आलेखाच्या कागदावर आत्याने काढलेले भुयारांचे नकाशे, नेलपॉलिशने रंगवलेले शिशाचे बाहुले, असा तो सगळा संसार होता. शेवटच्या डावात एक दगडी दार खाली येऊ लागलं. हा म्हातारा म्हणजे खेळातला जादूगार; त्याने मधे हात घातला, सोबती बाहेर निसटले, आणि तो आत अडकला. जादूगार खेळणाऱ्या मित्राने तिथल्या तिथे पक्कड मागवली आणि आपल्याच बाहुल्याचा हात तोडला. टेबलावर जे आहे तेच खरं, असा त्यांचा नियम होता. मग नोकऱ्यांपायी सगळे पांगले आणि खेळ त्या दारापाशीच राहिला. तो मित्र गेल्या वर्षी वारला. निदान त्याच्या म्हाताऱ्याला तरी दाराबाहेर काढू, म्हणून आत्याने आता टेबल पुन्हा मांडलं होतं.

म्हणजे तो हात तुटलेला नव्हताच. तो तोडलेला होता, आणि तोडणारा आता नव्हता. करायला गेली गणपती आणि झाला मारुती.

"मी परत कापून देते," ती कशीबशी म्हणाली.

"नको. आत्याला खोटं लगेच कळतं." त्याने मान खाली घातली. "आणि चोर मीही आहे. झग्याचा निळा रंग उडालाय, दुकानात जुळवून बघावा म्हणून न विचारता उचलून आणला होता."

शेवटी दोघांनी मिळूनच जायचं ठरवलं. बोलणी खायची तर निम्मी निम्मी.

आत्याच्या घरी दारापासून खिडकीपर्यंत गुंडाळलेले नकाशे उभे होते. आत्याने सगळं ऐकून घेतलं, चष्म्यावर भिंग धरलं आणि नव्या हाताकडे पाहत राहिली. आपल्यामुळे या बाईच्या हातातून काय गेलं, हे तिला आता नीट कळलं आणि तिला रडू यायचंच बाकी राहिलं.

"नखंसुद्धा केलीस?" आत्याने विचारलं.

तिने मान डोलावली.

"त्याने तोडला तेही टेबलावर. तू जोडलास तेही आता टेबलावर. दोन्ही खरं." आत्याने म्हातारा टेबलाच्या मधोमध ठेवला. "आता हा हात परत कसा उगवला, ते गोष्टीत तुलाच सांगावं लागेल. या खुर्चीत बसून. घाई नाही, आधी त्याला बाहेर तर काढ. रविवारी ये."

आणि तिला खेळ म्हणजे काय हेही धड ठाऊक नसताना ती एका दाढीवाल्या म्हाताऱ्याची वारस झाली.

रविवारी टेबलाशी चौघं होते. सूत्रधार आत्या. कुलपं उघडण्यात पटाईत असलेला एक बुटका चोर, म्हणजे आत्याचे जुने मित्र औषधवाले काका, ज्यांनी खऱ्या आयुष्यात दुकानाची किल्ली दहादा हरवली होती. तलवारवाला योद्धा, म्हणजे लिफ्टवाला. आणि ती. फासे तिला फार आवडले. पाच-सहा तऱ्हांचे, कुणी आठ बाजूंचा, कुणी वीस. आकड्यांच्या खाचांत कधीकाळी रंगीत खडू घासून भरलेला, आणि कोपरे झिजून इतके गोल झालेले की एकदा टाकलेला फासा थांबायचं नाव घेत नसे.

"दाराच्या आत तू एकटी आहेस. काळोख आहे," आत्या हळू आवाजात म्हणाली. "काय करतेस?"

तिने विचार केला. "दार चाचपते… ते खाली कसं आलं? त्याला तोलणारं वजन कुठे आहे?"

काका आ वासून बघू लागले. इतक्या वर्षांत हा प्रश्न कोणाला सुचला नव्हता. लिफ्टवाल्याचे डोळे मात्र लकाकले. वजनाला वजन तोलतं, ही तर त्याची रोजची भाकरी. तो पुढे झुकला आणि टेबलावर बोटाच्या पेराने टकटक केलं.

"म्हाताऱ्या, आहेस का आत?"

"आहे. तू कोण?"

"तुझा योद्धा. कधीचा इथे बाहेर उभा आहे."

हे बोलताना त्याने तिच्याकडे जे पाहिलं, ते काही म्हाताऱ्याकडे पाहणं नव्हतं. तिने घाईघाईने फासा उचलला, आणि तो गडगडत थेट काकांच्या मांडीत गेला.

असे रविवार सुरू झाले. टेबलाशी दोघांची कोपरं एकमेकांना लागत, आणि गोष्टीत दोघांच्या मधे हातभर जाडीचं दगडी दार. त्या दारातून दोघं जे बोलत, ते टेबल सोडल्यावर बोलायची छाती एकालाही नव्हती. गोष्टीत 'तू', जिन्यावर लगेच 'तुम्ही'. आत थंडी आहे का रे, योद्धा विचारी. आहे, पण तुझा आवाज आला की कमी होते, म्हातारा सांगे. असल्या दाढीवाल्याशी इतक्या गोड आवाजात बोलणारा योद्धा आपण जन्मात पाहिला नाही, असं एकदा काका म्हणाले, तेव्हा योद्ध्याचे कान लाल झाले आणि म्हाताऱ्याला उगाच ठसका लागला.

इकडे तिच्या इमारतीतली लिफ्ट फारच नाजूक झाली होती. आज दोरी तपासायची, उद्या दार, परवा नुसतंच 'बघून जातो'. या लिफ्टला झालंय तरी काय, असं सर विचारू लागले. ती जबड्याच्या साच्यात डोकं खुपसून बसे. तिला आता बाकी कसलं नाही, एकच कुतूहल उरलं होतं. हा माणूस बोलतो ते म्हाताऱ्याशी की माझ्याशी? त्याला तिथे मी हवी आहे, की त्या खुर्चीत कोणीतरी हवं आहे?

विचारायचं धाडस नव्हतं. उत्तर दुसरंच आलं तर? दार उघडलं की म्हातारा बाहेर, म्हातारा बाहेर की खेळ संपला, आणि खेळ संपल्यावर त्या खुर्चीत कोण बसलं न बसलं, कोणाला काय त्याचं. हे लक्षात आल्यापासून ती फारच सावध खेळू लागली. भिंतीचा दगडन् दगड तिने चाचपून पाहिला. वजनाची साखळी सापडली, तर आधी तिचा गंज घासत बसली. बाहेर योद्ध्याचंही तेच. पहार हाती आली, तर ती टेकून हा आतल्याशी गप्पा मारतोय.

"मी आयुष्यभर मुलांना पर्वत-नद्या ओलांडायला शिकवलं," एका रविवारी आत्या वैतागून म्हणाली. "तुम्हा दोघांना साधं दार उघडवेना. की उघडायचंच नाहीये?"

दोघांनी एकदमच फासा घ्यायला हात पुढे केला, आणि बोटं बोटांवर पडली. त्याने काढून घेतली नाहीत. तिनेही… लगेच काढली नाहीत.

"टाका आता," काका म्हणाले. "माझा चहा निवला."

त्याने फासा टाकला. तो कडेपर्यंत गेला, रेंगाळला, आणि वीसच्या आकड्यावर बसला. याहून मोठं दान नाही.

"दार वर जातं," आत्या म्हणाली. "उजेड आत येतो. म्हातारा बाहेर येतो… आणि त्याला दोन हात आहेत. सांग, कसे?"

तिने किती उत्तरं तयार केली होती. जादूचं पाणी, चांदीचा वेल, काय काय. त्यातलं एकही तोंडाशी येईना. मग तिने जे होतं तेच सांगितलं.

"वाटेत तो एका बाईला सापडला. दुसऱ्याच गावची होती, तिला इथलं काही माहीत नव्हतं. तुटलेलं दिसलं की जोडायचं, एवढंच तिला येतं. तिने न विचारता हात जोडला, आणि मग तिला कळलं की ती एका मित्राची आठवण होती. तिला फार वाईट वाटलं. अजून वाटतं." ती थांबली. "पण तो जोडला नसता, तर तिला इथे कोणी बोलावलंच नसतं. म्हणून तिला पुरता पश्चात्तापही होत नाही. हे चूक असेल. पण खरं आहे."

आत्याने चष्मा काढला आणि पदराने पुसला. पुसायचं काम चष्म्यापाशी थांबलं नाही.

"त्याला आवडलं असतं," आत्या म्हणाली. "तो असाच होता. आधी करायचा, मग विचारायचा."

खेळ संपला होता. तिने म्हाताऱ्याला शेवटचं हातात घेतलं आणि त्याच्याकडेच बघत विचारलं, "मग आता… खुर्ची भरायची होती, ती भरली म्हणायची?"

"कसली भरायची?" काका फिस्कारले. "आमच्या घरातून पहिल्या दिवसापासून या खुर्चीसाठी तगादा आहे. बायको कधीची तयार बसलीय. हाच पठ्ठ्या मला औषधांच्या दुकानात येऊन सांगून गेला, की काकूंना सांगा, जागा गेली. तेव्हा तर तू येणार की नाही, हेही कोणाला ठाऊक नव्हतं."

लिफ्टवाला टेबलाची कड निरखू लागला. आत्याने त्याच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"ताकाला जाऊन भांडं लपवायचं, ही आमच्या घराण्याचीच खोड आहे," ती म्हणाली. "चला हो, मला कपबश्या उचलायला मदत करा." आणि काकांचा अर्धा चहा तसाच हातात घेऊन तिने त्यांना स्वयंपाकघरात नेलं.

खोलीत दोघंच राहिली. म्हणजे तिघं, म्हातारा धरून. तिने तो अलगद टेबलावर ठेवला, तोंड भिंतीकडे करून.

त्याने घसा साफ केला. हातांवरचं वंगण आज धुतलेलं होतं, नखांतलं सुद्धा. हे तिला आत्ता दिसलं.

"मी दगडी दारातून जे जे बोललो," तो म्हणाला, "ते योद्ध्याला सुचत नव्हतं. तो बिचारा फक्त तलवार चालवतो." मग त्याने मान वर केली. "पुढच्या रविवारी येशील?"

टेबलाबाहेरचा तो पहिला 'तू' तिच्या छातीत कुठेतरी जाऊन लागला. तरी तिने वेड पांघरलं.

"पण खेळ तर संपला."

"म्हणूनच विचारतोय."

ती फासे डबीत भरू लागली. एक आठ बाजूंचा, एक वीस बाजूंचा, सावकाश. शेवटचा आत टाकून तिने झाकण लावलं.

"येईन," ती म्हणाली. "पण तुझ्या योद्ध्याला घरी ठेव."