न लावलेला हात

खोटं वाटेल, पण आधी ऐकून घ्या. शेवटच्या फेरीच्या जोड्या लागल्या आणि माझ्यासमोर मास्तर येऊन बसले. आम्हा भावंडांना बुद्धिबळ शिकवणारे तेच, आणि माझ्या दादाला संपवणारेही तेच.

स्पर्धेत सोंगटीला हात लावला की तीच हलवावी लागते. मास्तरांविरुद्धच्या निवडीच्या डावात दादाने राजाला हात लावलाच नव्हता. मास्तर म्हणाले, लावला. पंचांनी त्यांचा शब्द मानला आणि दादा जिंकत आलेला डाव हरला. तो पुन्हा पटापाशी बसला नाही. दम्याने आधीच पोखरलेला माणूस, वर्षभरात गेला. मास्तर साळसूदपणे भेटायलाही आले होते. मला त्यांच्या तोंडून खरं ऐकायचं होतं, बाकी काही नको होतं.

त्यांनी राजासमोरचं प्यादं दोन घरं पुढे टाकलं. मी माझं एकच घर सरकवलं. फ्रेंच बचाव, दादाचा आवडता. यात आपलाच उंट आपल्याच प्याद्यांमागे कोंडून बसतो. दादा म्हणायचा, कोंडलेल्याला घाई नसते.

"भावाचीच री ओढतेस होय?" मास्तर हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

डाव रंगात आला आणि मागून शीळ ऐकू आली. बारीक, छातीतून येणारी. मी वळून पाहिलं. माझी खुर्ची तर भिंतीला टेकलेली होती. मग निलगिरीच्या तेलाचा वास आला, दादाच्या उशीला यायचा तसा. मास्तर पट सोडून माझ्या खांद्यावरून वर बघत राहिले, त्यांचं घड्याळ पळत राहिलं. माझा उंट बाहेर पडला तेव्हा त्यांचा राजा उघडा पडला होता.

"सोडला डाव," ते पुटपुटले आणि त्यांनी हात पुढे केला. माझ्याकडे नाही, माझ्या खांद्यावरून भिंतीकडे.

हात हवेतच अडकला. बोटं एकमेकांवर दाबली गेली, पांढरी पडली.

"सांग त्याला... सोड म्हणावं..."

"आधी खरं बोला," मी म्हणाले. मला दया आली नाही, अजूनही येत नाही.

"नव्हता लावला... त्याने राजाला हात नव्हता लावला..."

सगळ्या हॉलने ऐकलं. पंच खुर्चीतून उठले. मी मान न वळवता हळूच म्हटलं, "दादा, झालं. सोड आता."

शीळ थांबली, वासही विरला. मास्तरांचा हात मात्र सुटला नाही.