अभिप्रायाचे पाच मार्क

बी.एड.च्या कॉम्प्युटर लॅबमध्ये मी माझा पहिला पाठ चुकून पुष्करच्या ब्लॉगवर टाकला, आणि तिथूनच सगळा घोळ सुरू झाला.

दोष माझा नाही हं! हा शनिवार पेठेतला शहाणा लॉग आऊट न करताच उठून गेला होता. मी बसले, टाइप केलं, खाली स्वतःचं नाव लिहून पोस्ट केलं. संध्याकाळी त्यानं मला जिन्यात गाठलं. "दीपमाला आपणच ना? मूळ आणि खोड हा पाठ मी कधी घेतला, ते जरा सांगता का? मी इतिहासाचा विद्यार्थी आहे, म्हणून विचारलं." चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. मला इतकी लाज वाटली... आणि त्याचे ते डोळे— जाऊ दे.

साल दोन हजार आठ. आमच्या लेले मॅडमनी त्या वर्षी फायली बंद करून टाकल्या होत्या. प्रत्येकानं ब्लॉग काढायचा. घेतलेले पाठ, फोटो, झालेल्या चुका, सगळं त्यावर ठेवायचं. वर्षअखेरी तोच आपला पोर्टफोलिओ. शिवाय जोडीदाराच्या प्रत्येक पाठाखाली अभिप्राय लिहायचा, आणि लिहिणाऱ्याला त्याचे पाच मार्क. आमचा घोळ ऐकून मॅडम हसल्या आणि त्यांनी आम्हा दोघांचीच जोडी लावून टाकली.

त्याचा पहिला अभिप्राय होता, "बटाटा हे खोड आहे हे आज कळले. इतकी वर्षे मूळ समजून खात होतो." पुढे मात्र भलतंच येऊ लागलं. "दीपमाला फळ्याकडे वळते तेव्हा वर्ग गप्प होतो. मीही." आता याचा अर्थ काय घ्यायचा? आम्ही मूळचे वर्ध्याचे, बाबा खडकीच्या कारखान्यात. आमच्या घरी आवडलं तर आवडलं म्हणतात, नाही तर नाही म्हणतात. हे पुणेरी कोडं मला काही सुटेना.

एकदा पाठासाठी बीट, आलं, रताळी घ्यायला तो माझ्याबरोबर मंडईत आला. पिशवी त्यानंच धरली. भाजीवाल्या शकूमावशींनी आलं तोलता तोलता विचारलं, नवा संसार का? मी गोरीमोरी झाले. हा शांतपणे म्हणाला, "नाही मावशी, शैक्षणिक साहित्य आहे." म्हणजे आलं, की मी? खडकीला पोचेपर्यंत माझ्या डोक्यात तेवढंच चाललं होतं.

खरं सांगते, मला तो फार आवडायला लागला होता. म्हणूनच मार्कांसाठी केलेलं कौतुक नको होतं. शेवटी धीर करून विचारलंच, तू जे लिहितोस ते खरं, की मार्कांसाठी? तो म्हणाला, मार्क तर मिळतातच. झालं! पुढचे काही दिवस मी त्याच्याशी धड बोललेच नाही.

माझा शेवटचा पाठ मस्त झाला. हा मागच्या बाकावर बसून बघत होता. पण परीक्षक आमचे ब्लॉग बघायला आले, तेव्हा त्या पाठाखाली त्याचा अभिप्रायच नव्हता. मॅडम भयंकर चिडल्या, त्याचे पाचही मार्क कापले. तो नुसता "हो मॅडम" म्हणाला. माझ्याविषयी लिहिण्यासारखं याच्याजवळ आता काहीच उरलं नव्हतं?

पार्किंगमध्ये त्याला गाठलं. "दोन ओळी लिहायला काय झालं होतं?"

तो गाडीची किल्ली उगाच बोटाभोवती फिरवत राहिला. "तू विचारलं होतंस ना... खरं की मार्कांसाठी."

"मग?"

"जे लिहायचं होतं, त्याचे मार्क नको होते मला. मिळाले असते तर तू विश्वास ठेवला नसतास."

रागवावं की काय करावं, समजेना.

"मग आता सांग," मी कशीबशी म्हणाले.

शिपाई ज्ञानदेवकाका गेट लावायला खोळंबले होते. त्यांच्यादेखत, एरवी शब्द मोजून वापरणारा हा माणूस घाईघाईनं बोलून गेला, "मला तू आवडतेस. पाठबीठ सोड... तू."

"मलाही," मी म्हणाले. डोळ्यांत पाणी आणि ओठांवर हसू, दोन्ही एकदमच.

काका म्हणाले, झालं असेल तर कुलूप लावतो. झालं नव्हतं. गेटबाहेर जाऊन मी त्याला तेच पुन्हा म्हणायला लावलं... नीट, सावकाश.