कॉलम चौथा : नातं

पहिल्या भेटीत राजेश्रीला महारुद्र दिसलाच नाही. दिसल्या त्या सहा उशा. गोदाई अपार्टमेंटच्या जिन्यातून सहा उशा एकावर एक रचून वर चालल्या होत्या आणि त्यांच्या खाली दोन चपला होत्या. मधे माणूस असावा, असा नुसता अंदाज होता.

"सरका जरा... कोण हाय तिथं?" उशांनी विचारलं.

"राजेश्री," ती म्हणाली. मग आपण उशांना आपलं नाव का सांगितलं, याचा विचार करत तिथंच उभी राहिली.

सगळ्यात वरची उशी घसरली. तिनं झेलली. उशीमागून चष्मा निघाला, चष्म्यामागून डोळे... आणि ते डोळे जरा जास्तच वेळ तिच्याकडे बघत राहिले.

"मी महारुद्र."

काटकुळी मनगटं बघता हे नाव ठेवताना आईवडिलांनी बरीच आशा धरली असावी.

"एवढ्या उशा? किती डोकी हायत तुमाला?"

"आज सहा. उद्या चार. परवा एकच... माझंच," तो म्हणाला. उशी परत घेताना त्यानं थँक्यू म्हटलं, ते उशीकडे बघून. मान वर करायचं त्याचं धाडस तेवढ्यात संपलं होतं.

तर प्रकार असा होता. तिसऱ्या मजल्यावरचा ३०३ नंबरचा फ्लॅट महारुद्रच्या मामांचा. मामा पुण्याला. महारुद्र राणीसावरगावचा, पाथरीच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर इतिहास शिकवायचा. मामांनी फ्लॅट मोबाईलच्या ॲपवर टाकला होता. पाथरीला दर्शनाला येणारे भाविक एक-दोन दिवस त्यात उतरायचे. त्यांच्या चादरी, उशा, चहा-पाणी महारुद्रनं बघायचं, आणि त्या बदल्यात काचा लावून बंद केलेल्या बाल्कनीत राहायचं. बाल्कनीत पाय पूर्ण लांब करायचे तर खिडकी उघडावी लागे.

राजेश्री पहिल्या मजल्यावरची. तलाठी भरतीचा तिसऱ्यांदा अभ्यास करत होती. तिचे वडील दिनकरराव हे एसटी स्टँडवरचे निवृत्त कंट्रोलर आणि अपार्टमेंटचे चेअरमन. तीस वर्षं माइकवर बोलल्यामुळे त्यांना साधं बोलता येत नसे. जेवायला बसल्यावरही ते "भाजीची वाटी थोड्याच वेळात इकडे येत आहे" अशा चालीत मीठ मागायचे.

त्या उशीनंतर राजेश्रीचं जिन्यातलं काम एकाएकी वाढलं. दूध, पेपर, गच्चीवरचे पापड. महारुद्रच्याही चादरी फार मळू लागल्या. दोघं जिन्यात भेटायचे, "अभ्यास चाललाय?" "चाललाय," "पाहुणे आले?" "आले," एवढं बोलून लाख बोलल्यासारखे दमायचे.

सगळं सुरळीत होतं. पण मग किशनरावांच्या घरी एक माणूस दोन दिवस राहून गेला.

किशनराव २०३ मधले, खताचे दुकानदार, माणूस कडक. अकोल्याचा एक भाविक ३०३ ऐवजी २०३ मध्ये शिरला. दार उघडंच होतं. त्यानं बॅग ठेवली, पाय धुतले, दिवाणावर आडवा झाला. किशनरावांना वाटलं, बायकोकडचा असंल. बायकोला वाटलं, ह्यांच्याकडचा असंल. विचारायचं कसं? विचारलं की अपमान. म्हणून दोघांनी एकमेकांवर कडी करत त्याचा पाहुणचार केला. पहिल्या दिवशी पुरणपोळी, दुसऱ्या दिवशी धपाटे-दही. जाताना त्याला टॉवेल-टोपी झाली. त्यानं गहिवरून ॲपवर पाच तारे दिले. ते बघून महारुद्र चक्रावला, कारण ३०३ दोन दिवस रिकामाच होता.

रविवारी पार्किंगमध्ये मीटिंग बसली. अपार्टमेंटमध्ये लिफ्टची जागा होती, लिफ्ट नव्हती. त्या जागेत माइक ठेवला होता.

"बंद करा हे लॉज!" किशनराव कडाडले. "ही राहायची बिल्डिंग हाय का धर्मशाळा? रोज जिन्यात नवं तोंड. लेकीबाळी हायत इथं. उद्या कुणी चोर शिरला तर?"

"चोराला बी पुरणपोळी घाला," मागून कुणीतरी म्हणालं.

राजेश्रीला हसू आलं, पण किशनरावांचं अगदीच खोटं नव्हतं. परवा अनोळखी चार बाप्ये जिन्यात बसलेले बघून तीच अर्ध्यातून परत फिरली होती. टाकीचं पाणी दुपारीच संपत होतं. पण फ्लॅट बंद झाला की बाल्कनी बंद. बाल्कनी बंद झाली की... तिनं पुढचा विचार ओढणीच्या टोकाला गुंडाळला.

महारुद्र उभा राहिला. "मी आधार कार्ड घेतो सगळ्यांचं. पाण्याचा टँकर बी सांगतो. जिन्यात कुणाला बसू देणार न्हाई." एवढं बोलून तो घामाघूम झाला.

शेवटी दिनकररावांनी माइक ओढला. "सूचना. भाडेकरू भाविकांस मनाई करण्यात येत आहे. मात्र पाहुणे येऊ शकतील. मुक्कामी येणारा माणूस या इमारतीत राहणाऱ्या कुणाच्या तरी नात्यातला असला पाहिजे. तशी रजिस्टरमध्ये नोंद व्हावी. रजिस्टर राजेश्री सांभाळेल, तिचं अक्षर चांगलं आहे. धन्यवाद."

किशनरावांना वाटलं, मिटलं. पण ते सरजाबाईंना विसरले.

सरजाबाई तळमजल्याच्या. गेटजवळ खुर्ची टाकून डाळ निवडत बसायच्या आणि माणसाला तीन प्रश्न विचारून त्याचं नातं काढायच्या. गाव कोणतं? आजोळ कोणतं? थोरली लेक कुठं दिली? चौथ्या प्रश्नाची गरज त्यांना उभ्या आयुष्यात पडली नव्हती. पाटोद्याचं कुटुंब आलं, ते तिसऱ्या प्रश्नाला १०२ चे व्याही निघाले. विजयवाड्याचं जोडपं आलं, त्यांना मराठी येत नव्हतं. सरजाबाईंनी खुणेनं विचारलं. त्यांच्या पणजोबांची निजामाच्या काळात परभणीला बदली झाली होती, हे निघालं, आणि ती दोघं खुद्द किशनरावांची चुलतमामेसासू-सासरे ठरली. राजेश्री मान खाली घालून लिहायची. कॉलम पहिला, नाव. दुसरा, गाव. तिसरा, कोणाचे. चौथा, नातं. पाचवा, मुक्काम किती दिवस.

लोक जाताना रडायला लागले. ॲपवर कुणी लिहिलं, "खोली ठीक. गरम पाणी उशिरा. पण आत्या सापडली." श्रावण लागेपर्यंत ३०३ मध्ये जागा मिळेना. आणि जिन्यात आता अनोळखी असं कुणी उरलं नव्हतं. सगळी घरचीच माणसं.

किशनरावांनी मग शेवटचा पत्ता टाकला. "सगळ्यांचं नातं निघालं. पण ह्या पोराचं काय? मामा पुण्याला. हितं बिल्डिंगीत ह्याचं कोण हाय?"

खरंच कुणी नव्हतं. महारुद्रचा चेहरा पडला. राजेश्रीच्या हातातलं पेन थांबलं.

सरजाबाईंनी सूप खाली ठेवलं. "काळजी नगं लेकरा. आजोळ?"

"वालूर."

"वालूर? राजेश्रीच्या आईचं माहेर वालूर! ह्याची माय आन् तिची माय गावबहिणी झाल्या की. लिही पोरी... मावसभाऊ!"

टाळ्या पडल्या. दिनकररावांना तर भरूनच आलं. "सूचना. राजेश्रीला सख्खा भाऊ नाही. तरी येत्या राखी पौर्णिमेला सकाळी दहा वाजता, याच ठिकाणी, ती महारुद्रला राखी बांधेल. सर्वांनी वेळेवर यावे."

राजेश्रीनं पाच अक्षरं लिहिली. तिच्या सुंदर हस्ताक्षरातली ती पहिली पाच वाईट अक्षरं.

आता मावसभाऊ म्हणजे भाऊ. विषय संपला. आणि भाऊ नको म्हणावं तर तो परका, परक्याला मुक्काम नाही. राखी पौर्णिमेला आठ दिवस होते.

चौथ्या दिवशी दुपारी ती गच्चीवर गेली, तर महारुद्र वाळलेली डबलबेडची चादर एकट्यानं घडी करत होता. चादर जिंकत होती.

"द्या इकडं," तिनं एक टोक धरलं. मधे सात फूट अंतर. चादरीवर ऊन, उन्हातच पावसाची बारीक भुरभुर.

पहिली घडी. दोघं चालत जवळ आले, टोकं जुळवली, मागं सरले.

"रजिस्टरमधी चूक झाली तर... दुरुस्ती होतीय का?" त्यानं विचारलं.

"कुठल्या कॉलममधी?"

दुसरी घडी. "चौथ्या."

"काय चुकलं? अक्षर?"

"अक्षर चांगलंच हाय..." तो चादरीशी बोलत होता. "मला ते मावसभाऊ जमंना गेलंय. लय कोशिश केली. सकाळी उठल्यावर 'ताई, ताई' म्हणून दहादा घोकतो. तुमी जिन्यात दिसल्या की पाठांतर फेल."

"मग खोडू?" तिचा आवाज उगाच बारीक झाला. "खोडलं की तुमी परके. किशनराव तुमची पेटी स्वतः उचलून स्टँडवर ठिवतील. त्यांना मणक्याचा त्रास हाय, तरी बी."

तिसरी घडी. आता चादर उशीएवढी उरली होती आणि दोघांची बोटं एकाच काठावर.

"खोडू नका. बदला."

"काय लिहू?"

"आ..." त्याचा चष्मा थेंबांनी भरला होता. पुसायचा तर चादर सोडावी लागली असती. त्यानं सोडली नाही. "आते—"

पुढची दोन अक्षरं त्याला बोलवेनात. पण मराठवाड्यात ती बोलावी लागत नाहीत. आत्याचा लेक आणि मामाची लेक... लग्नाच्या मांडवात वहिन्या ज्या जोडीवरून चिडवतात, ती जोडी.

राजेश्रीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिनं चादर त्याच्या हातात कोंबली. "नुसतं म्हणून चालत न्हाई. आमचे आण्णा नियमाचे पक्के हायत. पुरावा लागतो."

"आणतो."

"कुठून?"

"राणीसावरगावहून." आणि तो पहिल्यांदा तिच्याकडे सरळ बघून हसला. "पौर्णिमेला, सकाळच्या जीपनं."

राखी पौर्णिमा उजाडली. पार्किंगमध्ये पाट मांडला. ताटात बशीएवढ्या स्पंजच्या फुलाची राखी होती. सगळे पाहुणे जमले, विजयवाड्याचे तर किशनरावांना ओवाळायला मुद्दाम परत आले. दहा वाजले. पाटावर कुणी नव्हतं. दहा वाजून दहा मिनिटं झाली. राजेश्रीच्या हातातलं निरांजन दोनदा विझलं, तिनं ते दोनदा लावलं. जीपवाले कधी वेळेवर येत नाहीत, याचा एसटी कंट्रोलरची लेक म्हणून तिला नेहमी आनंदच व्हायचा. आज पहिल्यांदा होत नव्हता.

"गाडी उशिरानं धावत आहे," दिनकरराव म्हणाले.

गेटशी जीप थांबली. महारुद्र उतरला, आणि त्याच्या मागून हिरव्या लुगड्यातल्या, ठसठशीत कुंकवाच्या बाई. त्याची आई, नर्मदाबाई. त्या थेट दिनकररावांपुढे आल्या.

"माझ्या लेकराला तुमी घरात घेतलं," त्या म्हणाल्या. "असं भावाबिगर कोण करतंय? माझा भाऊ लांब पुण्याला, हितं कुणी न्हाई. हात करा, दादा."

दिनकररावांना बहीण नव्हती. कुठलीही सूचना न देता त्यांनी हात पुढे केला. नर्मदाबाईंनी पिशवीतून साधी रेशमी राखी काढली, बांधली, तोंडात पेढा घातला. राजेश्रीची आई पदर तोंडाला लावून उभी होती. लोकांना वाटलं, रडायली. पण तिनं कालच दुपारी वालूरच्या या मैत्रिणीशी पाऊण तास फोनवर बोलून घेतलं होतं.

"ताई, ओवाळणी काय देऊ?" दिनकररावांनी विचारलं.

"सावकाश मागते, दादा. आधी पोरीला इचारते."

सरजाबाईंचा डाळीतला हात थांबला. "थांबा बरं. ही दिनकररावाची बहीण. मंग हिचं पोरगं राजेश्रीचं कोण?"

पार्किंगमध्ये सगळे बोटं मोजू लागले. विजयवाड्याचे सुद्धा हिशेब करत होते.

"आतेभाऊ!" किशनराव ओरडले, आणि आपण काय बोललो ते ऐकून चपापले. मग म्हणाले, "पण आधी तर मावसभाऊ लिहिलंय. एका माणसाची दोन नाती कशी?"

"एसटीचा नियम आहे," दिनकरराव सवयीनं बोलून गेले. "नवीन परिपत्रक आलं की जुनं आपोआप रद्द."

मग ते राखीकडे बघत राहिले. राखीवरून महारुद्रकडे. महारुद्रवरून लेकीकडे. लेक स्पंजच्या राखीचं ताट पाठीमागं लपवून जमिनीकडे बघत होती, आणि तीस वर्षांत कुठल्याच गाडीनं त्यांना इतकं अचूक चकवलं नव्हतं.

"घराणं मी कवाच बघून ठिवलंय," सरजाबाई डाळ पाखडत म्हणाल्या. "सोयरीक करण्याजोगं हाय."

राजेश्रीनं रजिस्टर उघडलं. 'मावसभाऊ' वर एक सरळ रेघ मारली आणि वर लिहिलं, आतेभाऊ. ही चार अक्षरं पुन्हा तिच्या नेहमीच्या वळणाची आली. महारुद्र बाजूला वाकून बघत होता. त्याच्या अंगाला धुण्याच्या साबणाचा वास येत होता.

"नुसता चौथा कॉलम भरून भागत न्हाई," दिनकरराव जवळ येऊन म्हणाले. आवाज कडक ठेवायचा त्यांनी प्रयत्न केला. "पाचवा रिकामा हाय. मुक्काम किती दिवस?"

महारुद्रनं राजेश्रीकडे बघितलं. तिनं पेन टेकवलं, जरा थांबली... आणि लिहिलं :

'पुढील सूचना मिळेपर्यंत.'

दिनकररावांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला, पुन्हा वाचलं.

"अक्षर चांगलं आहे," ते म्हणाले. "धन्यवाद."