स्कूटी बाजूला घ्यावी

लातूरच्या मधोमध एक बंदिस्त स्टेडियम आहे. मोठ्या गायकाला लहान पडतं, लग्नाला मोठं. तिथं दुपारी कबड्डी, संध्याकाळी ऑर्केस्ट्रा, आणि दोन्हींना माईकवर एकच माणूस – मन्मथ.

एका सामन्याला गेटसमोर कुणीतरी स्कूटी आडवी लावली. हँडलला बॅग, बॅगेवर नाव-गाव. मन्मथनं इमानदारीत पुकारलं, “चाकूरच्या अयोध्या शिवमूर्ती… आपली स्कूटी बाजूला घ्यावी!”

चढाईला निघालेली मुलगी तशीच बाहेर आली. पंचांनी बाद दिलं. कपाळाला घामानं चिकटलेली बट, डोळ्यांत आग.

“माझी स्कूटी न्हाई. मी एस्टीनं येते.”

“मग ही बॅग?”

“बॅग माझी हाय. तुमच्या स्टेडियमात टांगायला एक खुंटी न्हाई!”

“मग… बॅग बाजूला घ्या.”

ती हसली. तिथंच मन्मथचं वाटोळं झालं.

पुढं गेट रिकामं असलं तरी तो तिला स्कूटी बाजूला घ्यायला सांगू लागला. कुस्ती असो की गझल. आणि ती यायची – ओढणी सावरत, गालात हसत.

“कुठं हाय माझी स्कूटी?”

“आत्ताच तर होती…”

मग दोघं नसलेल्या स्कूटीकडं बघत उभे राहायचे. पाऊस असला, तर ती सीटही पुसायची.

एकदा तीच म्हणाली, “अख्ख्या गावाला ऐकवताव. मला एकटीला काही सांगायचंय का? घरी पाहुणे यायलेत… बघायला.”

मन्मथला माईक नसलेल्या हातांचं काय करावं, कळेना.

“आवाज… येतोय का?”

“येतोय की,” ती हळूच म्हणाली. “पण नुसता आवाजच.”

लग्नसराई आली, गेली. अयोध्या दिसेना. मन्मथ पुकारत राहिला. लोकांना वाटलं, माईक तपासायची नवी पद्धत असेल.

परवाच्या ऑर्केस्ट्रालाही त्यानं पुकारलं, नुसतं सवयीनं. आणि गेटवर गेला तर ती उभी. हातात हिरवा चुडा. शेजारी आडवी लावलेली कोरी स्कूटी, हँडलला वाळका हार.

“ही… खरी हाय?”

“हाव. लग्नात दिली आप्पांनी.”

“मग गेटसमोर कशाला लावलीत?”

“तुम्ही पुकारावं म्हणून…” तिनं मान खाली घातली. “एकदा तरी खरं.”

मन्मथनं तोंड उघडलं. आत लई काही होतं.

“जरा… बाजूला घ्या,” तो म्हणाला.

अयोध्यानं किल्ली फिरवली. स्कूटी बाजूला घेतली. मग अजून बाजूला, पार नांदेड रोडपर्यंत. मग दिसेनाशी झाली.

गेट एकदम मोकळं झालं.